टाचणी गेली त्या दिवसाबद्दल

प्रिय मुंगे,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, घरात हा कसला आरडाओरडा चाललाय, आणि मी दर वेळी ‘काही नाही गं, साहेब आहेत’ म्हणून विषय बदलते. आज सगळं नीट लिहायला बसले आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. समोरून तू ‘हं’ म्हणालीस की मला वाटतं तुला कामं असतील, आणि मी आवरतं घेते. कागद मध्येच ‘हं’ म्हणत नाही, एवढं त्याचं बरं आहे.

तर साहेब म्हणजे तळमजल्यावरच्या सिस्टरबाईंचं पिल्लू. सिस्टरबाई आठवतात ना, लहानपणी तुला इंजेक्शन देताना स्वतःच डोळे मिटून घ्यायच्या त्या? निवृत्त झाल्यावर एकटं वाटायला लागलं म्हणून त्यांनी डॅशहाउंड जातीचं पिल्लू आणलं. लांबच लांब अंग, बोटभर पाय आणि चेहरा मात्र एखाद्या खात्याचा प्रमुख असावा असा. म्हणून नाव साहेब. मग सिस्टरबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. भाचीने त्यांना तिच्या घरी नेलं. जाताना भाची माझ्या हातात पट्टा देऊन म्हणाली, ‘मावशी, आठच दिवस.’ त्याला आता पाच महिने झाले. सिस्टरबाईंना यापुढे काठीशिवाय चालता येणार नाही, आणि साहेबांना काठी दिसली की ती चावायचीच असते. तेव्हा ते आता कायमचे माझ्याकडेच आहेत.

पहिल्या महिन्यात मी रडकुंडीला आले होते. बेल वाजली की भुंकायचं, शेजाऱ्यांची वाजली तरी भुंकायचं, कुणाचीच वाजली नाही तर का वाजली नाही म्हणून भुंकायचं. सोफ्यावर तुझ्या बाबांची जागा त्याने पहिल्याच दिवशी बळकावली, आणि मी शेजारी टेकले तरी दात दाखवायचा. फिरायला नेलं की रस्त्याच्या मधोमध बसकण मारायची. मी ओढतेय, तो चारही पाय रोवून बसलाय, आणि बघणारे मला निर्दयी म्हणताहेत. चालताना घोटे पकडायचे. मोजा पळवून पलंगाखाली जायचं आणि काढायला हात घातला की गुरगुरायचं. आणि सू करायला घरातली एकच जागा पसंत, माझ्या कामाच्या खोलीचा उंबरठा. हो, मी अजून थोडं काम करते. आपल्या जुन्या दातांच्या डॉक्टरांकडून दुरुस्तीच्या दोन-चार कवळ्या येतात महिन्याला. नवीन करत नाही आता, मेणावर एकेक दात बसवताना डोळ्यांवर ताण येतो.

मी काय केलं असेन ते तुला वेगळं सांगायला नको. ओरडले. वर्तमानपत्राची गुंडाळी करून आपटली. सू केली तिथे त्याचं नाक नेऊन टेकवलं. एकदा बाथरूममध्ये कोंडला, तर त्याने दार आतून वीतभर खरवडून काढलं. मला हेच येत होतं. तुझं ते पिल्लू, टाचणी, घरात होतं तेव्हाही हेच तर केलं होतं.

मग मागच्या गल्लीतल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई कसली, तुझ्याहून लहान मुलगी आहे. दवाखान्यात एक बाक, एक वजनकाटा आणि कोपऱ्यात एक म्हातारी मांजर. मी तक्रारींचा पाढा वाचला. तिने सगळा ऐकून घेतला आणि म्हणाली, ‘आजी, तुम्ही ओरडता तेव्हा त्याला वाटतं, वा, आजीपण माझ्याबरोबर भुंकतायत.’ मला हसू आलं, आणि मग जरा लाजही वाटली.

तिने जे सांगितलं ते ऐकायला सोपं होतं. भुंकला की काही बोलायचं नाही, पाठ फिरवायची. गप्प झाला की त्या क्षणी खाऊ द्यायचा. घोटा पकडला की झाडासारखं उभं राहायचं. तोंडातली वस्तू कधी ओढून घ्यायची नाही, बदल्यात दुसरी द्यायची, म्हणजे सोडण्यात नुकसान नाही हे त्याला कळतं. फिरण्याच्या, खाण्याच्या वेळा ठरलेल्या हव्यात. सू झाली तर मुकाट्याने पुसायची, आणि पुढच्या वेळी अर्धा तास आधी बाहेर न्यायचं, कारण चूक त्याची नसते, आपल्याला उशीर झालेला असतो. हे सगळं मी पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.

आणि मग तिने विचारलं, गुरगुरला की काय करता? मी म्हटलं, फटका देते. ती म्हणाली, ‘तेवढं आजपासून बंद करा. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की मला भीती वाटतेय, जरा लांब व्हा. तुम्ही मारून मारून त्याचं सांगणं बंद केलंत, तर एक दिवस तो न सांगता चावेल. मग लोक म्हणतात कुत्रं भरवशाचं नाही.’

मुंगे, मी तिथून उठले ती थेट घरी आले नाही. साहेबाला काखेत घेऊन बागेतल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. ‘न सांगता चावते, हिचा भरवसा नाही’ हे शब्द माझे होते. टाचणीबद्दल मी नेमकं हेच म्हणायचे. तू नऊ वर्षांची होतीस.

तुला टाचणी किती आठवते मला माहीत नाही, पण मला अलीकडे ती रोज दिसते. पांढरी, मूठभर, आणि सुईसारखे दात, म्हणून तू तिचं नाव टाचणी ठेवलंस. बाबांनी तुझ्या हट्टापायी आणली होती आणि मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. माझं काम तेव्हा जोरात होतं. दिवसाला तीन-तीन कवळ्या, प्लास्टरचे साचे, मेणाचा वास, घासायच्या यंत्राची घरघर, घरभर पांढरी भुकटी. त्यात ती पायात पायात. तुला फक्त गंमत आठवत असेल, ती एका गृहस्थांची तयार कवळी तोंडात धरून पळाली होती आणि बाबा हसून हसून जमिनीवर बसले होते. ती कवळी मला रात्रभर बसून पुन्हा करावी लागली होती. मी हसले नव्हते.

तू शाळेत असायचीस तेव्हा मी तिला बाथरूममध्ये कोंडायचे. हे तुला माहीत नव्हतं. तू यायच्या आधी दहा मिनिटं मी तिला बाहेर काढायचे. तुला वाटायचं ती तुला बघून आनंदाने वेडी होते. ती सुटली म्हणून वेडी व्हायची. पहिल्यांदा ती गुरगुरायची, माझा हात जवळ आला की. मी गुंडाळीने मारायचे. दोन महिन्यांत तिचं गुरगुरणं थांबलं, आणि मी बाबांना अभिमानाने सांगितलं, बघा, लावली शिस्त. त्यानंतर पंधराच दिवसांत तिने माझा अंगठा फाडला. आवाज नाही, काही नाही. उजव्या हाताचा अंगठा, मेण कोरायचा. तीन टाके पडले आणि पंधरा दिवस काम बंद. तू तिला मांडीवर घेऊन रडत होतीस आणि म्हणत होतीस, ‘आई, ती मुद्दाम नाही चावली.’ तू बरोबर होतीस. घरात ते जनावर कळलेली तू एकटी होतीस.

आता मला जे लिहायचं आहे ते मी चार वेळा लिहून फाडलं आहे. या वेळी सरळ लिहिते.

टाचणी दार उघडं राहिलं म्हणून पळाली नाही. मी तिला देऊन टाकली. प्लास्टरची पोती आणून टाकणारा टेम्पोवाला यायचा ना, त्याच्या भावाची शहराबाहेर रोपवाटिका होती. तो कधीतरी म्हणाला होता, तिथे राखणीला कुत्रं हवंय. माझे टाके निघाले त्याच दिवशी दुपारी तो आला, पोती उतरवली, आणि मी टाचणीला एका खोक्यात घालून त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, ‘ताई, हे एवढंसं काय राखण करणार?’ मी म्हटलं, भुंकते चांगली. खोक्याला मी वर भोकं पाडली होती. त्यामुळेही तेव्हा मला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं.

तुला काय सांगायचं हे मी ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं ठरवलं. तू आलीस, दप्तर टाकलंस, तिला हाका मारल्यास, बाथरूम, पलंगाखाली, गॅलरी, सगळीकडे शोधलंस आणि माझ्याकडे बघितलंस. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘दार उघडं राहिलं होतं. सकाळी शेवटी तूच बाहेर पडलीस.’ मला फक्त तुझे प्रश्न थांबवायचे होते. ते थांबले. तू जाऊन दाराजवळ बसलीस आणि कडी वर-खाली करून बघत राहिलीस.

मग तू आणि बाबा शोधत फिरलात. बाबा बस चालवायचे, त्यांनी त्यांच्या मार्गावरच्या एकेका थांब्यावर चौकशी केली. खांबांवर चिकटवायला चिठ्ठ्या हव्या होत्या आणि घरात अक्षर चांगलं माझं, म्हणून चाळीस चिठ्ठ्या मी लिहून दिल्या. पांढरी, लहान चणीची, डाव्या कानावर तपकिरी ठिपका. मी लिहीत होते आणि तू शेजारी बसून गोंद लावत होतीस. त्या वेळी सांगता आलं असतं. पहिल्या चिठ्ठीला सांगता आलं असतं, दहाव्या चिठ्ठीला सांगता आलं असतं. पण प्रत्येक चिठ्ठीबरोबर ते आणखी अवघड होत गेलं.

दोन आठवड्यांनी टेम्पोवाला पुन्हा आला तेव्हा मी खालच्या आवाजात तिची चौकशी केली. तो म्हणाला, ‘ते राहिलंच नाही ताई. नवव्या दिवशी पट्टा तोडून गेलं. शहराच्या रस्त्याला लागलेलं पाहिलं भावाने.’ शहराच्या रस्त्याला म्हणजे आपल्याकडे, मुंगे. आणि तुम्ही दोघं तिला भलतीकडेच शोधत होतात. त्या दिवशी तरी मी तोंड उघडलं असतं तर बाबा त्या रस्त्याने गेले असते. मी पोती मोजून घेतली आणि दार लावलं. देऊन टाकणं ही एक चूक होती. हे दुसरं जे केलं, त्याला चूक म्हणायचीही माझी हिंमत होत नाही.

बाबांना नंतर कळलं. तू कॉलेजला होतीस, मी तापाने झोपले होते, माल त्यांनी उतरवून घेतला आणि टेम्पोवाल्याने सहज विचारलं, ते पांढरं कुत्रं परत मिळालं का कधी. बाबा आत आले, पलंगाशी खुर्ची ओढून बसले. मला वाटलं आता चिडतील. ते म्हणाले, ‘तिला सांग. मी सांगणार नाही, ते तूच सांगायला हवं.’ मी हो म्हटलं. तुझी परीक्षा होऊ दे म्हटलं. मग नोकरी लागू दे, मग लग्न होऊ दे, मग बाळंतपण होऊ दे. त्याबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. पण तू माहेरी येऊन गेलीस की माझ्याकडे एकदा बघायचे, आणि मी नजर चुकवायचे. ते गेले तेव्हाही माझं ‘हो’ तसंच पडून होतं.

सगळ्यांना तुझ्या सवयींची गंमत वाटते. तुझ्या सासूबाई हसत हसत सांगतात, सूनबाई घराबाहेर पडताना कडी तीनदा बघते, कोपऱ्यावर जाऊन परत येते. मीही त्यांच्याबरोबर हसले आहे. तू सोळा वर्षांची होईपर्यंत घराची किल्ली स्वतःकडे ठेवायला तयार नव्हतीस. तुझा लेक झाला तेव्हा तू त्याला एकटीने आंघोळ घालायचीच नाहीस, दोन महिने मी राहिले, तुझे हात थरथरायचे. डॉक्टर म्हणाले, पहिलटकरणींचं होतं असं. मला माहीत होतं ते कशाचं थरथरणं आहे. मी बादलीत पाणी ओतत राहिले.

मागच्या महिन्यात साहेब पळाला. पाण्याचा मीटर बघायला माणूस आला, मी त्याला दार उघडून दिलं, चष्मा आणायला वळले, आणि दार उघडंच राहिलं. माझ्याकडून. जिन्यावर नखांचा आवाज आला तेवढाच. मी स्वयंपाकघरातल्या सपाता घालून तीन मजले उतरले, ह्या गुडघ्यांनी. मीटरवाला बिचारा कामाची वही बगलेत धरून माझ्याबरोबर धावला. दोन गल्ल्या, मग मोठा रस्ता, आणि पलीकडच्या कडेला साहेब कचऱ्याचा डबा हुंगत उभा. मध्ये गाड्या. मी हाक मारली की तो आणखी पुढे जायचा, त्याला तो खेळ वाटत होता. तेव्हा डॉक्टरीणबाईंचं आठवलं, पळणाऱ्याच्या मागे धावायचं नाही. रस्ता मोकळा झाल्यावर मी पलीकडे गेले, त्याच्यापासून दहा पावलांवर फुटपाथवर मांडी घालून बसले आणि त्याच्याकडे पाठ केली. सहासष्ट वर्षांची बाई, केस सुटलेले, फुटपाथवर. लोक वळून बघत होते. मी मोजत होते. दोनशेच्या पुढे गेल्यावर कोपराला ओलं नाक लागलं, आणि तो माझ्या मांडीवर चढून बसला, मीच हरवले होते अशा थाटात.

मी हुंदके देऊन रडायला लागले. मीटरवाला ओणवा झाला आणि म्हणाला, ‘होतं असं, आजी. तुमची काही चूक नाही. दार काय, कुणाकडूनही उघडं राहतं.’ ज्याची माझी दहा मिनिटांची ओळख, त्याला हे सुचलं. नऊ वर्षांच्या माझ्या मुलीकडून दार खरंच उघडं राहिलं असतं, तरी मला हे सुचायला हवं होतं. आणि तिच्याकडून तर राहिलंही नव्हतं.

साहेब आता पुष्कळ बरा आहे. बेल वाजली की दोनदा भुंकतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. मोजा मागितला की आधी मी काय देतेय ते बघतो, मग सौदा करतो. सोफा आम्ही वाटून घेतला आहे. अजून गुरगुरतो कधी कधी. गुरगुरला की मी हात मागे घेते आणि म्हणते, कळलं बाबा. एवढंसंच करायचं होतं गं. टाचणीचं गुरगुरणं ऐकून मी एकदा जरी हात मागे घेतला असता, तर तिने माझा अंगठा कशाला फाडला असता, आणि पुढचं काहीच झालं नसतं.

हे सगळं आज का लिहितेय, तर परवा तुझा लेक फोनवर होता. तू स्वयंपाकघरात होतीस. मी त्याला साहेबाच्या गमती सांगत होते, तर तो हळू आवाजात म्हणाला, ‘आजी, मलापण हवंय पिल्लू. पण आई म्हणते, आपल्या घरी नको. तिच्या हातून एक हरवलंय, तिच्या भरवशावर कुणी जीव ठेवू नये.’ त्याने ते शब्द जसेच्या तसे सांगितले, त्याला त्यांचा अर्थही कळला नसेल. मी फोन ठेवला आणि बाबांच्या फोटोकडेही मला बघवेना. मुंगे, हे पत्र वाचून झालं की तुझ्या लेकाला जवळ बसव आणि खरं काय ते सांग, आजीने केलं म्हणून सांग. तो माझ्याशी बोलेनासा झाला तरी चालेल. तू बोलेनाशी झालीस तर तेही मी समजून घेईन. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते मागायचा हक्क मी सत्तावीस वर्षांपूर्वी त्या चाळीस चिठ्ठ्यांबरोबर गमावला. पिल्लू आणायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण आपल्या हातांचा भरवसा नाही म्हणून नको म्हणू नकोस. त्या सकाळी मी कामाच्या खोलीतून तुला बघत होते. तू दप्तर पाठीला लावलंस, टाचणीला पायाने हळूच आत सारलंस, दार ओढून घेतलंस आणि बाहेरून दोनदा ढकलून पाहिलंस. दार लागलेलं होतं. दुपारी ते मी उघडलं.

तू उत्तर दे किंवा देऊ नकोस, तरीही तुझीच,
आई